टॅम्पिनीसच्या मैदानातलं चर्च

पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही पाद्र्याने, बिशपने किंवा ते बांधणाऱ्या गवंड्यानेसुद्धा एखाद्या चर्चला लावला नसेल एवढा जीव आमच्या चीफनी एका चर्चला लावला होता. चीफ मूळचे दापोलीकडचे, घरी गणपती बसवणारे, संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय घास न घेणारे. बरं, ते चर्चही काही जगप्रसिद्ध नव्हे. तिकडे युरोपात, उत्तर समुद्राला लागून असलेल्या एका चिखलट बंदरापासून थोडं आत, मध्ययुगातल्या संन्याशांच्या मठाचं ते चर्च. त्यातलं अर्धं पडलेलं, आणि उरलेल्या अर्ध्यात रविवारी गावातली चार म्हातारी माणसं प्रार्थनेला येतात. गावाचं नाव चीफ घशाच्या अशा काही कोपऱ्यातून काढत की आमच्यापैकी कुणालाही ते पुन्हा म्हणता आलं नाही. पण त्या चर्चचा कुठला खांब कुठल्या बाजूला कलला आहे, हे इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसमधल्या निम्म्या मराठी माणसांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आम्ही ते शिकलो, कारण सुटका नव्हती.

चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनिअर. जन्म समुद्रावर गेला, मग सिंगापूरच्या बंदरात एका जहाज कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी केली आणि शेवटी निवृत्त होऊन बायकोसह टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये स्थिरावले. मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर इथे आलो आणि नेमका त्यांच्याच ब्लॉकमध्ये फ्लॅट भाड्याने घेतला. पहिल्या दिवशी सामानाची खोकी खालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, उतरवत असताना कडक इस्त्रीची हाफ पँट घातलेले एक गृहस्थ दिसले. चेहरा मराठी वाटला म्हणून मी विचारलं, "रिकामी खोकी कुठे टाकायची हो?" त्यांनी उत्तर देण्याऐवजी शेजारच्या खांबावर टिचकी मारली आणि मलाच विचारलं, "या वरच्या सगळ्या मजल्यांचा भार कुठे जातो?" मी सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, "खाली." ते एकदम खूश झाले. "बरोबर! पण दगडी कमानीत तो आधी बाजूला जातो, मग खाली. कमान कायम भिंतीला बाहेर ढकलत असते. दिवसरात्र. शेकडो वर्षं. आता विचारा, मग भिंत पडत का नाही?" मी नाही विचारलं, तरी त्यांनी सांगितलं. खोकी दुपारपर्यंत तिथेच पडून राहिली आणि माझी बायको वर, पंखा नसलेल्या खोलीत, माझ्या नावाने शंख करत बसली.

त्या चर्चचं छत चीफ नुसतं शब्दांनी उभं करत नसत, त्यांना माणसं लागत. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी मला आणि सिंगापूरच्याच सेरंगून भागातून आलेल्या माझ्या मित्राला समोरासमोर उभं केलं, तळवे एकमेकांना टेकवून पुढे कलायला लावलं आणि म्हणाले, "ही झाली कमान." मग आणखी दोघांना आमच्या पाठीशी आधाराला उभं केलं. ते टेकू. चर्चच्या बाहेर, भिंतीपासून लांब उभे असलेले दगडी टेकू, जे वरून हात घालून भिंतीला सावरून धरतात. "आत बसलेल्याला टेकू दिसत नाही," चीफ पाहुण्यांना समजावून सांगत होते. "आत नुसती उंची दिसते, उजेड दिसतो. काम सगळं बाहेर, पावसात चाललेलं असतं." एवढ्यात माझ्यामागच्या टेकूला ऑफिसचा फोन आला आणि तो बाल्कनीत निघून गेला. मी मागे गेलो, मित्र माझ्यावर आला, आणि आम्ही दोघे मिळून श्रीखंडाच्या भांड्यात बसलो. पाहुणे ओरडले, मुलं हसली. चीफ मात्र समाधानाने म्हणाले, "बघा. अगदी असंच होतं."

खरी रंगत यायची ती खालच्या कॉफीशॉपमध्ये, त्यांनी इतिहास सांगायला घेतला की. बाहेर सिंगापूरचं ऊन, डोक्यावर गरगरणारा पंखा, सगळ्यांच्या पाठीला शर्ट चिकटलेले, आणि चीफ कोपीचा, म्हणजे इथल्या दाट कॉफीचा, कप दोन्ही हातांत धरून त्या संन्याशांच्या थंडीबद्दल बोलत. अख्ख्या मठात शेकोटीची खोली एकच. पहाटेच्या आधी उठायचं, निजायच्या खोलीतून थेट चर्चमध्ये उतरणाऱ्या दगडी जिन्याने खाली यायचं आणि अंधारात उभं राहून स्तोत्रं म्हणायची. बोलायला परवानगी नाही, म्हणून खुणांनी मीठ मागायचं. त्या लोकांनी दलदल उपसली, दगड होड्यांतून आणला आणि चर्च पूर्वेकडून बांधायला घेतलं, कारण वेदी पूर्वेला आणि देवाची सोय आधी. एक पिढी खपली, दुसरी खपली. मग साथ आली. निम्मे संन्यासी मेले, गवंडी मेले, गवंड्यांची पोरं मेली. बांधकाम जिथल्या तिथे थांबलं. पुष्कळ वर्षांनी नव्या गवंड्यांनी ते पुन्हा हातात घेतलं, तेव्हा जुन्यांचे साचे सापडेनात आणि ते कसे वापरायचे हे सांगायलाही कुणी शिल्लक नव्हतं. म्हणून उत्तरेकडच्या एका खांबावर अर्ध्यापर्यंत वेलबुट्टी आहे आणि मग एकदम साधा दगड. "तो सांधा बोटांना लागतो," चीफ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणत. "इथे माणसं मेली. दगडावर तसं लिहिलेलं नाही, पण इथेच मेली." पुढचा इतिहास, म्हणजे राजाने मठ बंद केले, छपरावरचं शिसं काढून नेलं, गावकऱ्यांनी पूर्वेकडचे दगड नेऊन गोठे बांधले, हे सगळं ते भराभर आटपत. त्या सांध्यापाशी मात्र दरवेळी थांबत, कप खाली ठेवत आणि थोडा वेळ कुणाकडेच बघत नसत. आम्हाला वाटायचं, गोष्ट रंगवायची ही त्यांची लकब आहे.

एका वर्षी इथल्या आमच्या मराठी मंडळाला दुर्बुद्धी सुचली आणि गणपतीच्या मखराचं काम चीफकडे सोपवलं. काय झालं असेल ते सांगायला नको. पुठ्ठ्याच्या उंच उंच टोकदार कमानी, पांढरेफटक खांब, वर फासळ्या फासळ्यांचं छत. ना दिव्यांच्या माळा, ना जिलेटिन, ना एक फूल. का, तर त्या पंथाच्या संन्याशांना सजावट वर्ज्य होती, त्यांनी खिडक्यांना रंगीत काचसुद्धा लावली नाही! मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चीफ, बाप्पाला काय जेलमध्ये टाकलंय?" चीफ म्हणाले, "गाभारा, सभामंडप, मागून प्रदक्षिणेची वाट, सगळं आहे. तुम्हाला आणखी काय पाहिजे?" बाचाबाची वाढायला लागली तेव्हा काकू, म्हणजे चीफच्या पत्नी, कुणाशी काही न बोलता पुढे झाल्या. पदराआडून त्यांनी जास्वंदीचा हार काढला, मूर्तीला घातला, दोन मोठ्या समया दोन बाजूंना ठेवल्या आणि परत जाऊन बसल्या. काकूंपुढे त्यांची कमान सरळ खाली येत असे.

काकूंना ते चर्च अजिबात खपत नसे. चीफनी सुरुवात केली की त्या उठून स्वयंपाकघरात जात. चर्चला त्या चर्चसुद्धा म्हणत नसत. "यांचं ते" म्हणत. निवृत्तीनंतर चीफनी कितीतरी वेळा तिकडे जायचा बेत केला, तिकिटांपर्यंत गोष्ट आली, आणि दरवेळी काकूंनी मोडता घातला. कधी गुडघे, कधी थंडी, कधी कुणाचं लग्न. आम्ही सगळे त्यांना चिडवायचो, "काकू, सवतीचा एवढा राग बरा नव्हे." त्या हसायच्या नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांना विनोद कळत नाही.

मग काकूंना फुप्फुसाचा कॅन्सर झाला. झाला म्हणजे कळला तोच फार पुढे गेलेला. औषधं झाली, केमो झाली, केस गेले, आवाज बसला, आणि शेवटी डॉक्टरांनी चीफना बाजूला घेऊन सांगितलं की आता त्रास कमी करणं एवढंच हातात आहे. चीफ इंजिनिअर माणूस. त्यांनी घरातल्या ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज ऐकून त्याची नाडी पाठ केली, कॉटची उंची बदलली, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले. घरात बिघडलेलं असं काही उरलं नाही, आणि जे बिघडलं होतं त्याला त्यांचा पाना लागत नव्हता. त्या दिवसांत ते चर्चविषयी बोलायचेही कमी झाले. मी ऑफिसमधून आल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसायचो, म्हणजे त्यांना औषधं आणायला, भाजी आणायला मोकळीक मिळे.

अशाच एका संध्याकाळी चीफ खाली गेले होते. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आमची मुलगी गेली तेव्हा हे तिथे होते."

मला आधी कळेचना. त्यांना मूलबाळ नाही असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. "कुठे, काकू?"

"यांच्या त्या चर्चमध्ये." मग थांबत थांबत, नळीतून येणारा श्वास पुरेल तसं, त्यांनी सांगितलं. मुलीचं नाव अनघा. काकू तेव्हा डोंबिवलीला सासूबाईंजवळ. पोर नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. ताप आला, तो डोक्यात गेला, आणि बघता बघता सगळं संपलं. चीफ तेव्हा सेकंड इंजिनिअर. जहाज त्या बंदरात इंजिन उघडून पडलेलं, सुटा भाग यायचा होता, बदलीला माणूस नव्हता. कंपनीच्या एजंटने निरोप नेऊन पोचवला तोवर डोंबिवलीत सारं उरकलं होतं. आता जाऊन काय करणार, असं कंपनी म्हणाली, आणि खरंच काय करणार होते? "जहाज हलेपर्यंत हे रोज तिथे जायचे. दोर घेऊन खांब मोजायचे. काही महिन्यांनी घरी आले. मी वाट बघत होते. म्हटलं, आता काही बोलतील, रडतील, निदान मला ओरडतील, नीट सांभाळलं नाहीस म्हणून. तर मला कमानी कशा उभ्या राहतात ते सांगायला लागले. तेव्हापासून तेच सांगताहेत."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी?"

"नाही. मला वाटलं, या माणसाला काही वाटलंच नाही." यंत्र घुरघुरत होतं. "आता पडल्यापडल्या विचार करते. एवढे खांब कुणी उगाच पाठ करत नाही. मला ती जागा बघायची आहे हो. हे कुठे बसले होते ते. जायच्या आधी एवढं कळायला हवं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चीफ माझ्या दारात उभे. काकूंनी त्यांनाही सांगितलं होतं, पण तेवढंच, "मला तुमचं ते चर्च दाखवा." पुढचं काही नाही. माणसाला आनंद व्हावा की धक्का बसावा हे कळेनासं झालं की तो जसा दिसतो तसे चीफ दिसत होते. "एवढी वर्षं नाही म्हणाली," ते म्हणाले, "आणि आता डॉक्टर विमानात बसवायला तयार नाहीत. मी म्हटलं, जहाजाने नेतो. ओळखी आहेत माझ्या. तर तो माझ्याकडे बघून नुसता हसला. चांगलं हसला, पण हसला." मग त्यांनी समोरच्या खिडकीतून आमच्या ब्लॉकसमोरच्या रिकाम्या मैदानाकडे बोट दाखवलं. "चर्च इथे आणतो. मापं आहेत माझ्याकडे."

मध्ययुगात साध्या दोरीने चर्च आखत. तीन, चार आणि पाच भागांवर गाठी मारलेली दोरी ताणली की काटकोन मिळतो, आणि काटकोन मिळाला की बाकी सगळं मिळतं. हे आम्हाला पाठ होतंच. चीफनी बंदरातल्या जुन्या ओळखीच्या दुकानातून जहाजाच्या दोरांची भेंडोळी आणली आणि रविवारी सकाळी मंडळातली झाडून सगळी माणसं मैदानात हजर झाली. चर्च खऱ्या मापाचं करायचं होतं. लगेच अडचण आली. मैदान उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्वेला पाण्याचा मोठा नाला. आमच्यातला एक सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "चीफ, नव्वद अंशांत फिरवून टाकू, आरामात बसतं." चीफ त्याच्यावर कडाडले, "वेदी पूर्वेला नसेल तर ते चर्च नाही, ती गोदी आहे!" मग त्यांनी स्वतःच नाल्यापर्यंत चालत जाऊन बघितलं आणि निवांत झाले. गावकऱ्यांनी दगड नेलेला पूर्वेकडचा अर्धा भाग तेवढा नाल्यात जात होता. उभा असलेला भाग गवतावर बसत होता.

खांबांच्या जागी कॉफीशॉपमधून मागून आणलेली लाल प्लॅस्टिकची स्टुलं ठेवली. भिंतींच्या जागी दोर ताणले. रोज सकाळी त्या मैदानात हात मागेपुढे हलवत फिरणारे एक चिनी आजोबा थांबले. "Uncle, you all build what?" चीफ म्हणाले, "Church." आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. "Where got church?" "Coming," चीफ म्हणाले. आजोबांनी मान हलवली आणि त्यानंतर फिरताना दोराच्या बाहेरून वळसा घालून जायला लागले. आमच्या बायका मात्र दोराच्या आत शिरल्या. चीफ पूर्वेला खुंट्या ठोकत होते तोवर पश्चिमेच्या दारात रांगोळीने उंबरठा झाला, उंबरठ्यावर हळदकुंकू पडलं, दोन्ही बाजूंना कमळं उमलली. चीफ धावत आले. "अहो, हे काय करताय? या लोकांनी आयुष्यभर रंग बघितला नाही! काढा ते आधी!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "काकू पहिल्यांदा पाऊल ठेवणार आहेत. कोरा उंबरठा ठेवायचा का?" चीफ वळून पुन्हा खुंट्या ठोकायला गेले.

काकूंना आम्ही व्हीलचेअरवरून आणलं. नळी आखूड होती म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन मला शेजारून चालायचं होतं. दाराशी आलो आणि बघतो तर सगळी मंडळी चपला काढून उभी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गवतात दोर टाकलेला, तरी दोराच्या आत देवळागत सगळे अनवाणी. "चर्चमध्ये चपला काढत नाहीत," चीफ म्हणाले, पण त्यांचं ऐकलं कुणीच नाही, आणि शेवटी काकूंनी मान वळवून त्यांच्या बुटांकडे बघितलं तेव्हा त्यांनीही काढले. गवतात लाल मुंग्या होत्या. सगळं चर्च पाय झटकत उभं होतं.

चीफ खुर्ची ढकलू लागले. सुरुवातीला त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "हा पश्चिम दरवाजा. हे मधलं दालन, याच्यावर मोठं छत. इथून उजेड येतो, वरच्या खिडक्यांतून, साध्या काचेच्या." चाकं गवतात रुतत होती, ते रेटत होते. काकू ऐकत होत्या. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. कमान, फासळ्या, टेकू, सगळं झालं. मग उत्तरेकडच्या एका लाल स्टुलापाशी आले आणि म्हणाले, "हा तो खांब. इथे साथ आली." आणि थांबले.

काकूंनी विचारलं, "तुम्ही कुठे बसायचात?"

चीफनी स्टुलाच्या पायथ्याशी बोट दाखवलं. "तिथे. खाली. खांबाला पाठ लावून."

"मला न्या तिथे." आम्ही खुर्ची वळवून स्टुलाला टेकवली. काकूंनी वर बघितलं. वर छत नव्हतं. चांगी विमानतळाकडे उतरणारं एक विमान तेवढं जात होतं. "काय करायचात इथे बसून?"

बाकीची माणसं दाराशीच थांबली होती. मला सिलिंडर सोडून हलता येत नव्हतं, नाहीतर मीही गेलो असतो. चीफ गवतात बसले. त्या वयाच्या माणसाला खाली बसायला लागतो तेवढा वेळ त्यांना लागला. मग म्हणाले, "मला तिचा चेहरा आठवत नव्हता गं. फोटो होता केबिनमध्ये. तो बघितला की फोटोच आठवायचा, ती आठवायची नाही. एक रजा, तेवढंच तर बघितलं होतं मी तिला. खूप प्रयत्न केला. रोज करायचो. मग डोकं फिरायला नको म्हणून मापं घ्यायचो."

"आणि घरी आल्यावर?"

"तुला कसं सांगणार? आपली पोर गेली आणि बापाला तिचा चेहरा आठवत नाही, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, त्यांना श्वास कमी पडतोय, मी नळी तपासली. मग त्यांनी हात खाली नेऊन चीफच्या डोक्यावर ठेवला. "मला विचारायचंत," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं. मी रोज सांगितलं असतं. मला वाटलं, तुम्हाला नकोच आहे." आणि तिथेच त्यांनी सुरुवात केली. हसली की तिच्या एकाच गालाला खळी पडायची. तुमच्यासारखं कपाळ होतं. तुमचा एक जुना बूट पलंगाखालून ओढून काढायची आणि त्याच्याशी बोलायची, घरभर ओढत न्यायची, काढून घेतला की आकांत करायची. चीफ ऐकत होते. हा माणूस ऐकतो कसा, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. ते रडत होते आणि डोळे पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मी सिलिंडरचा काटा बघत उभा राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते मला कळत नव्हतं.

संध्याकाळच्या आत आम्ही दोर गुंडाळले, स्टुलं परत केली. पुढचे थोडे दिवस काकू शुद्धीत होत्या तेवढा वेळ त्या मुलीबद्दलच सांगत राहिल्या. एखादं वाक्य, मग झोप, मग पुन्हा एखादं वाक्य. चीफ कॉटशी खुर्ची ओढून बसलेले. मध्येच डोळे उघडून त्या म्हणायच्या, "अजून एक आठवलं," आणि ते पुढे वाकायचे. असंच एकदा "अजून एक" म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि ते सांगायचं राहून गेलं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

चीफ अजून टॅम्पिनीसलाच आहेत. परत दापोलीला जा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं, ते नाही म्हणतात. सकाळी कॉफीशॉपमध्ये येतात, आमच्या टेबलाशी बसतात. चर्चविषयी हल्ली बोलत नाहीत. नव्या कुणी मुद्दाम विचारलं तर, "आहे एक, अर्धं पडलंय," एवढंच म्हणतात. त्याऐवजी ते मुलीबद्दल सांगतात. खळीबद्दल, कपाळाबद्दल, बुटाबद्दल. चर्चवर हा माणूस आम्हाला तास तास पकडून ठेवायचा, आम्ही घड्याळं बघायचो, फोन आल्याची सोंगं करायचो. मुलीवर बोलायला मात्र त्यांच्याकडे काकूंचा श्वास पुरला तेवढंच आहे. कप अर्धा होईतो संपतं. मग ते कपात बघत बसतात, आणि आमच्यापैकी कुणीतरी म्हणतं, "चीफ, ते बुटाचं पुन्हा सांगा ना."